कुरळा निवडला तरी टक्कलच

मी केसांचे टोप करतो. खोटं वाटेल, पण माझ्या एका टोपात चिमणीनं अंडी घातली होती आणि तो घातलेल्या नटाला अख्खा शेवटचा अंक मान न हलवता करावा लागला होता. इतका हात बसलेला असताना गप्प बसावं की नाही? पण मी जावईबापूंना दुकानाची वेबसाइट करायला सांगितली.

त्यांनी केली. पानावर माझ्याच टकलाचा फोटो, शेजारी बाण दाबला की उघडणारी यादी: कुरळा, सरळ, पांढरा, लांब. त्यातला टोप निवडला की तो फोटोतल्या डोक्यावर चढायचा आणि खालचं नाव, भाव बदलायचा.

सकाळीच नाटक कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. नाटकातल्या सगळ्या सैन्याला कुरळे टोप हवे होते. एवढ्या ऑर्डरीत माझं वर्ष निघालं असतं.

"कुरळा निवडला. टक्कलच दिसतंय."

"पुन्हा निवडा साहेब."

"निवडला. टक्कल. अहो, तुम्ही टोप विकता की टकलं?"

जावईबापू आत चहा घेत होते. बायकोनं आधीच डोळे वटारले. "जपून बोला हं, जावई आहेत."

आता जपून बोंब कशी मारायची?

"जावईबापू, तुमच्या सवडीनं, म्हणजे आत्ताच्या आत्ता, जरा बघता का?"

त्यांनी कप हातातच ठेवून पांढरा निवडला. डोकं पांढरं झालं. मग कुरळा. कुरळं झालं.

"माझ्याकडे चालतंय की, बाबा."

"टक्कल!" फोन खेकसला.

त्यांनी पान पुन्हा उघडलं. पुन्हा आधी पांढरा, मग कुरळा. "चालतंय."

"टक्कल!"

तिसऱ्या वेळी पान उघडलं तसं मी त्यांचं मनगटच धरलं. "पांढरा राहू द्या. थेट कुरळा."

थेट कुरळा. टक्कल.

जावईबापूंनी कप खाली ठेवला. "हां... यादी उघडते तीच कुरळ्यावर. पुन्हा कुरळाच निवडला, तर तिच्या लेखी काही बदललंच नाही. आणि बदलल्याशिवाय पान हलत नाही."

"मग आधी दुसरं काही निवडायचं?"

"बरोबर!" म्हणाले, जणू मीच परीक्षेला बसलो होतो.

मी फोनवर ओरडलो, "साहेब, आधी लांब निवडा, मग कुरळा!"

"राहू द्या हो. एवढा वेळ आम्ही सगळे तुमचं टक्कल बघतोय. दिग्दर्शकांना तेच आवडलं. म्हणतात, दिव्यांखाली सैन्य कसं चमकेल! न्हाव्याला बोलावलंय."

फोन बंद.

तोवर जावईबापूंनी यादीच्या डोक्यावर 'टोप निवडा' अशी नवी ओळ घातली आणि कुरळा निवडून दाखवला. लगेच चढला.

"एवढंसंच होतं, बाबा."

त्यांच्या पाठीमागून बायको मला हातानं 'शांत, शांत' करत होती.

"एवढंसंच," मी म्हणालो. "अजून अर्धा कप घ्या ना."

आणि चहा आणायच्या निमित्तानं आत गेलो, उशीत तोंड खुपसलं आणि मनात होतं ते सगळं बोललो. ती उशी परत पिंजून घ्यावी लागली.