नळीतलं रक्त आणि माझी म्हैस

आमच्या साईनाथला एक वाईट खोड आहे. माझं काही दुखलं, की कुठं दुखतं हे विचारायच्या आधी तो मला माझं वय सांगतो. जसं काही मी ते विसरूनच बसलेय. साजगावच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून त्याला सगळ्या गोष्टींचं कारण कळतं.

दिवाळीनंतर माझे दोन्ही खांदे धरले. सकाळी हात डोक्यापर्यंत जाईनात. अंबाडा घालायला सुनेला, हर्षलाला, हाक मारावी लागे. ऊन वर आलं की खांदे जरा सैल पडायचे, पण तोवर धार काढायची वेळ टळलेली. आणि माझी मोरी म्हणजे मानी म्हैस, दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नाही. हर्षला धारेला बसली की एक लाथ बादलीला, एक हर्षलाला.

"आई, वय झालं आता तुझं," साईनाथ म्हणाला. "म्हैस देऊन टाकू. बुधाजीला बोलावलाय मी कर्जतवरनं."

"मला न इचारता?"

"इचारलं तर तू नायच म्हणशील."

बुधाजी व्यापारी आला. त्यानं मोरीचे दात बघितले, कास चाचपली. मी ओट्यावरून म्हटलं, "दादा, चहा प्या नि जावा. आधी माझं रक्त तपासून येऊ दे, मग म्हशीचं बोलू."

शिळफाट्याला सांध्यांचे डॉक्टर बसतात. त्यांनी हात वर करायला लावले, मान-कंबर दाबून पाहिली, ताप, खोकला, डोकेदुखी सगळं विचारलं आणि रक्त द्यायला पाठवलं. रिपोर्ट आला तो साईनाथनं जिन्यातच मोबाइलवर उघडला.

"ईएसआर वाढलाय. पण तो वयानं वाढतोच, हितं लिवलंय बघ."

पुन्हा वय! मी आत जाऊन डॉक्टरांना म्हटलं, "हे काय असतं ते मला सांगा. याला नको, याला सगळं येतंय."

डॉक्टर हसले. "आजी, तुमचं रक्त एका उभ्या नळीत तासभर ठेवतात. लाल पेशी हळूहळू तळाला बसतात. अंगात सूज असली की रक्तात काही प्रथिनं वाढतात. त्यांच्यामुळे पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली जातात. तासात किती खाली गेल्या, तो हा आकडा."

"म्हंजे तुरटी," मी म्हटलं. पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी नुसतं ठेवलं तर गाळ बसायला रात्र जाते. तुरटी फिरवली की गाळ गोळा होऊन खाली पळतो. यात न कळण्यासारखं काय आहे?

"अगदी तसंच. तुमच्या वयाला चाळीसपर्यंत मी चालवून घेतो. तुमचा पंच्याऐंशी आहे. दुसरी तपासणी सीआरपीची, तेही रक्तातलं एक प्रथिनच. ते सूज आली की लगेच चढतं नि ओसरली की लगेच उतरतं. तेही चढलंय."

"मग सूज हाय कुठं?"

"ते रक्त नाही सांगत. ते तुमचे खांदे सांगतायत."

मी साईनाथकडं बघितलं. तो पंख्याकडं बघत होता.

आणखी तपासण्या करून, दुसरं काही नाही याची खात्री झाल्यावरच डॉक्टरांनी सूज उतरवायची गोळी दिली. मनानं बंद करायची नाही, म्हणाले. आठवडा व्हायच्या आत माझा अंबाडा मी घातला. हर्षलानं बघितलं आणि हात जोडले, माझ्यासाठी नव्हे, मोरीच्या लाथांतून सुटली म्हणून.

महिन्यानं पुन्हा रक्त दिलं. संध्याकाळी मी धारेला बसले होते. साईनाथ रिपोर्ट घेऊन गोठ्याच्या दारात उभा राहिला.

"ईएसआर बावीस आलाय. सीआरपी पण उतरलंय," तो म्हणाला. मग म्हणतो कसा, "पण आई, गोळीनं बरं वाटतंय गं. वय काय कमी व्हनार हाय? बुधाजी परवा टेंपो घेऊन येतोय."

मी धार थांबवली नाही. मोरीच्या पोटाशी डोकं टेकूनच बोलले, गल्लीला ऐकू जाईल असं.

"साईनाथ, पंच्याऐंशीचा बावीस झाला. वय कुणाचं उतरलंय का रं आजवर? उतरला तो आजार व्हता. आता बुधाजीला फोन लाव नि सांग, टेंपो रिकामा जाईल. आणि फुडं माझं काय दुखलं, तर आधी कुठं दुखतंय ते इचारायचं. वय माझं मला ठावं हाय."