गुणाबाईंच्या जवळ्याखाली

मित्रांनो, मी भिवंडीजवळच्या कोन गावातल्या एका घराच्या गच्चीवरचा सोलर पॅनल. अजून वर्षही भरलं नाही, तरी मला निकामी ठरवून झालंय. मला काढायला पाने-पकडी घेऊन माणसं आली आहेत, म्हणून घाईघाईत सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा केवढा रुबाब होता माझा! या घरच्या सुनेनं, उन्नतीनं, मासळी विकणाऱ्या बायकांसाठी मासळी गार ठेवायची खोली मागितली होती. निसर्ग राखून पोटं भरणाऱ्या कामात पैसा घालायचा, याला हिरवी गुंतवणूक म्हणतात. तसा पैसा घालणाऱ्या एका संस्थेनं खोली बांधली आणि ती उन्हावर चालवायला आम्हा भावंडांना गच्चीवर बसवलं. नारळ फुटला, फोटो निघाले. हे नीट चाललं तर खाडीकाठच्या इतर गावांनाही अशा खोल्या मिळणार होत्या.

उन्नती सकाळीच बाजाराला जाते. तिची पाठ वळली की तिच्या सासूबाई, गुणाबाई, गच्चीवर येतात आणि आमच्यावर जुनं लुगडं अंथरून ओला जवळा, ती बारीक कोळंबी, सुकायला पसरतात! आमच्यात एकाचं तोंड झाकलं तरी साऱ्यांचा दम जातो. मी आतून भाजून निघतो, पण ओरडणार कसा? खालच्या खोलीत मासळी सडायची, बायका शिव्या घालायच्या. संध्याकाळी उन्नती वायरी तपासायला वर यायची, तोवर जवळा उचललेला असायचा.

संस्थेची माणसं भर दुपारी आली. खालचा मीटर पाहून त्यांनी माना हलवल्या. त्या उन्हात गच्चीवर चढायची हौस कुणाला? "मालच खराब आहे," म्हणाले आणि पुढच्या गावांच्या खोल्याही रद्द केल्या.

आज पानेवाले वर आले, तशी गुणाबाईंनी लगबगीनं जवळा गोळा केला.

"यांना नेताव? मंग मी जवला कुठं सुकवू?"

बातमी कळून बाजारातून धावत आलेली उन्नती जिन्यातच थबकली. "आई, तुमी यांच्यावर जवला घालता?"

"मंग! काच कशी तापते बग. मना कोनी काय सांगितलाच न्हाय."

उन्नतीनं कपाळावर हात मारला. पाहुण्यांना, बाजारातल्या बायकांना तिनं माझं काम किती वेळा समजावलं होतं. घरात मात्र कधीच नाही.

"दादा, थांबा! पॅनल चांगले हायत!"

"ऑर्डर है, दीदी," म्हणत एकानं माझा बोल्ट फिरवला.

मित्रांनो, माझ्यासारख्यावर पैसा लावाल, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला हाताला धरून गच्चीवर न्या आणि सांगा, हा काय करतो ते. माझा शेवटचा बोल्ट सुटतोय. उन्नती त्या माणसापुढे हात जोडून रडतेय, आणि सून का रडते हे गुणाबाईंना अजून कळलेलं नाही. आता तरी त्यांना कुणी सांगा हो!