माफ करा, माझ्यामुळे झालं

एखाद्याचा निकाल लावायला आपल्याला कोर्ट लागत नाही, वाचकहो. एक टीव्ही आणि थोडा फावला वेळ पुरतो. जपानमधल्या आमच्या शिबाता गावात मुत्सुको-सानच्या पार्लरमध्ये या दोन्ही गोष्टी होत्या. आरशाच्या वर टीव्ही, खाली तीन खुर्च्या आणि त्यांत डोक्याला रोलर लावून बसलेल्या आम्ही बायका. सकाळी दहाला चर्चेचा कार्यक्रम सुरू व्हायचा आणि अकराच्या आत आरोपीला शिक्षा झालेली असायची. मीही त्या तिसऱ्या खुर्चीत बसून मान डोलावलेली आहे, म्हणूनच हे सांगायला बसले आहे.

त्या जानेवारीत टीव्हीवर एकच खटला चालला होता आणि तो आमच्याच गावचा होता. प्रसिद्ध गायक आयकावा यांची आई सुझु-सान, वय चौऱ्याऐंशी, आदल्या हिवाळ्यात न्हाणीघरातल्या टबात मेलेली सापडली. दोन्ही खांद्यांवर काळेनिळे वळ होते. घरी मदतीला येणाऱ्या चिगुसानं तिला पाण्यात दाबून मारलं, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. मी तिला ओढून बाहेर काढत होते त्याचे ते वळ आहेत, असं चिगुसाचं. थंडीत गरम पाण्याच्या टबात म्हातारी माणसं दरवर्षी दगावतात, कुणी बातमीही करत नाही. पण ही गायकाची आई! अटक झाली त्या दिवशी टीव्हीनं चिगुसाच्या नावापुढचा आदराचा 'सान' काढला आणि तिथे 'संशयित' असं जोडलं. गावानंही लगेच तेच केलं. इतकी वर्षं आमच्या म्हाताऱ्यांना भरवणारी, त्यांची धुणी धुणारी ती बाई, तिच्या नावातला एवढासा मान काढून घेताना आमची जीभ अडखळलीसुद्धा नाही.

टीव्हीवरचा निवेदक एक मोठा फलक घेऊन उभा राहायचा. फलकावर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या आणि तो एकेक पट्टी सावकाश सोलून काढायचा. शेवटच्या पट्टीखाली लाल अक्षरांत असायचं: 'माझ्यामुळे झालं! शेजारणीसमोर कबुली.'

ती शेजारीण म्हणजे आमची मुत्सुको.

सुझु-सानच्या अंत्यदर्शनाला सगळं गाव गेलं होतं. चिगुसाही आली होती आणि दारात उभ्या असलेल्या मुत्सुकोनं तिचं बोलणं ऐकलं होतं. पुढे अटक झाली, कॅमेरेवाले पार्लरसमोर आले, तेव्हा मुत्सुकोनं केसांवरून हात फिरवला आणि सांगून टाकलं, "हो, माझ्यासमोरच म्हणाली. माझ्यामुळे झालं, माफ करा, असं म्हणाली." अकरा सेकंदांचा तो तुकडा वर्षभर वाजत राहिला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! पार्लरला गिऱ्हाईक वाढलं. मुत्सुकोला ते आवडलंही, खोटं कशाला बोला.

आणि आता तिला समन्स आलं होतं. पुढच्या गुरुवारी निइगाता शहरातल्या कोर्टात सरकारतर्फे साक्ष. तरुण सरकारी वकील येऊन भेटूनही गेला, अतिशय नम्र होता. "कॅमेऱ्यासमोर बोललात तेवढंच सांगा, बाकी काही नाही," म्हणाला. तेव्हापासून मुत्सुकोचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकीच्या केसांना काळ्याऐवजी तांबडा रंग लागला. दुसरीच्या कपाळावरच्या बटा बोटभर जास्त कापल्या गेल्या. रोज सकाळी ती दुकानाची काच पुसायची, आत यायची आणि पुन्हा बाहेर जाऊन तीच काच पुसायची.

शुक्रवारी तोकिए-सान केस सेट करायला आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होत्या. साक्षीदार जे बोलेल ते छोट्या यंत्राच्या कळा दाबून शब्दनशब्द टिपून घ्यायचं, हेच त्यांचं काम. नोकरी सुटली, पण बोटांची सवय सुटली नव्हती. कुणी बोलू लागलं की खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं हलायची. पलीकडे भाताच्या पापड्यांच्या दुकानवाल्या कानामोरी-सान बसल्या होत्या, आणि टीव्हीवर निवेदक पट्टी सोलत होता.

"नऊ दिवस चालणार म्हणे खटला," कानामोरी-सान म्हणाल्या. "कशाला हवेत नऊ दिवस? बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय! आणि ते टीव्हीवरचे वकीलसाहेब सांगतात, आरोपपत्र गेलं की शंभरांतले नव्याण्णव दोषीच ठरतात."

"मग तो उरलेला शंभरावा चेहऱ्यावरून ओळखू येतो का हो?" तोकिए-साननी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे आत येताना सगळे सारखेच दिसतात. हातात बेड्या, कमरेला दोर, खाली मान. चौतीस वर्षं समोर बसून पाहिलं, मला तरी कधी ओळखू आला नाही. म्हणून समोर येईल त्याला शंभरावाच धरायचं. मी निर्दोष आहे हे तिनं सिद्ध करायचं नसतं, कानामोरी-सान. ती दोषी आहे हे सरकारनं सिद्ध करायचं असतं. रास्त शंका उरली, तर तिचा फायदा तिला."

"आणि खून करून सुटली तर?"

"सुटेलही. त्याची भीती मलाही वाटते. पण चुकून आत गेली तर तिची वर्षं परत कोण देणार? तुम्ही, की तो पट्ट्या सोलणारा?"

"अहो, पण कबुली दिलीय ना तिनं!"

"आपल्या संविधानात लिहिलंय, नुसत्या कबुलीवर कुणाला दोषी ठरवता येत नाही. माणसं न केलेलंही कबूल करतात, म्हणून लिहिलंय ते."

"न केलेलं कोण कबूल करील? काहीतरीच तुमचं!" असं म्हणत कानामोरी-सान तणतणत उठल्या आणि त्यांचा पाय मुत्सुकोच्या पायावर पडला.

"माफ करा!" मुत्सुको चटकन म्हणाली.

तोकिए-सानचं बोट खुर्चीवर टकटकलं. "सतरावं," त्या म्हणाल्या.

"काय सतरावं?"

"मी आल्यापासूनचं तुझं सतरावं 'माफ करा'. अगं, पाय कुणाचा कुणावर पडला?"

आम्ही सगळ्या हसलो. मुत्सुको हसली नाही.

कानामोरी-सान गेल्यावर तिनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि ती तोकिए-सानच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. आरशात दोघींचे चेहरे एकाखाली एक दिसत होते.

"तोकिए-सान, अंत्यदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी इथं सगळं सांगितलं होतं. तुम्ही याच खुर्चीत होता. चिगुसा काय म्हणाली असं मी सांगितलं होतं? नेमकं?"

"आठवतंय मला. शब्दनशब्द."

"मग सांगा ना! मला काही आठवेनासं झालंय. वर्षभर तोच तुकडा ऐकून तिचा आवाजच पुसला गेलाय. डोळे मिटले की मीच बोलताना दिसते, टीव्हीतली."

"नाही सांगणार."

"अहो!"

"मी सांगितलं, तर गुरुवारी तोंड तुझं असेल आणि साक्ष माझी. मी तर त्या दारात नव्हतेच. आजवर टीव्हीचे शब्द तुझ्या तोंडात होते, आता माझे घालू? जे स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, तेवढंच साक्षीदाराचं. बाकी सगळं उसनं."

मुत्सुकोनं कंगवा ट्रेमध्ये आपटला. "एका बाईचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही मला नियम शिकवताय!"

"तिचा जीव टांगणीला लागलाय म्हणूनच शिकवतेय," तोकिए-सान म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नव्हता. "बरं, चिगुसाचं राहू दे. एवढंच सांग, त्या संध्याकाळी सुझु-सानच्या मुलाला तू काय म्हणालीस?"

"मी? सगळे म्हणतात तेच. त्या गेल्या त्या गुरुवारी त्यांचे केस धुवायला जायचं होतं मला. बर्फ पाहून कंटाळा केला, गेले नाही. तेच म्हणाले. गुरुवारी मी यायला हवं होतं, माझ्यामुळे झालं, माफ क..."



"म्हणजे सुझु-सानना तू मारलंस?" तोकिए-साननी विचारलं.

काय ही बुद्धी आपली! जे शब्द आम्ही मेलेल्याच्या दारात रीत म्हणून बोलतो, मनात सल म्हणून बोलतो, तेच शब्द आमच्या तोंडी शोक ठरले आणि चिगुसाच्या तोंडी खून! पट्टी सोलणाऱ्याचं सोडा, त्याचं पोट त्यावर आहे. आम्हाला काय झालं होतं? आम्ही तर त्याच दारातून, तेच शब्द बोलून घरी आलो होतो!

मुत्सुको खाली स्टुलावर बसली.  मग पुटपुटली, "तिच्या खांद्यावर बर्फ होतं. छत्री नव्हती. हातांना भेगा पडल्या होत्या, आणि ती म्हणाली, बस बंद..."

"मला सांगू नकोस," तोकिए-साननी तिला थांबवलं. "गुरुवारी सांग. ज्यांना ऐकायचं आहे त्यांना."

"पण मग गाव काय म्हणेल? वर्षभर अर्धवट सांगत सुटले, असंच ना? आयकावांचे चाहते दुकानाच्या काचा फोडतील."

"फुटतील कदाचित," तोकिए-सान म्हणाल्या. त्यांनी तिला खोटा धीर दिला नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हेही सांगून टाकते.

गुरुवारी आम्ही मुत्सुकोबरोबर निइगाताला गेलो. समोर उंचावर नऊ जण बसले होते. तीन न्यायाधीश आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेली सहा साधी माणसं. त्यातल्या एकाची बोटं गॅरेजवाल्यासारखी काळी होती, एक बाई सारखी बाहीशी चाळा करत होती. आपल्यातलीच माणसं, पण टीव्हीसमोरच्यासारखी सैल बसलेली नव्हती. मुत्सुकोनं खरं सांगण्याची शपथ मोठ्यानं वाचली. 

"आरोपी तुमच्यासमोर 'माझ्यामुळे झालं, माफ करा' असं म्हणाली, हे खरं ना?" सरकारी वकिलानं विचारलं.

"खरं. पण त्याच्या आधीही चिगुसा-सान बोलल्या होत्या." आरोपीला 'सान' म्हटल्यावर बाकांवर चुळबूळ झाली. मुत्सुको पुढे बोलली, "त्या म्हणाल्या, बर्फानं बस बंद होती, मी चालत आले, अर्धा तास उशीर झाला. मी वेळेवर यायला हवं होतं. माझ्यामुळे झालं, माफ करा. असं सगळं म्हणाल्या. कॅमेऱ्यासमोर मी शेवटचं तेवढं सांगितलं."

"पण 'माझ्यामुळे झालं' हे शब्द तिचेच?"

"तिचेच. आणि माझेही. त्याच दारात, तिच्या आधी, मीही हेच म्हणाले होते. त्या गुरुवारी सुझु-सानचे केस धुवायला गेले नाही म्हणून."

काळ्या बोटांच्या माणसानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हे आधी का सांगितलं नाहीत?" मधल्या न्यायाधीशांनी विचारलं.

"कुणी विचारलं नाही, असं सांगणार होते," मुत्सुको म्हणाली, "पण शपथ घेतलीय. लोकांना तेवढंच ऐकायचं होतं, आणि मला ऐकवायला आवडलं."

साक्ष संपवून ती बाहेर निघाली, तेव्हा बाकावरची चिगुसा अर्धवट उठली. खूप वाळली होती. तिनं कमरेतून वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "माफ करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही तिघी पुन्हा त्याच खुर्च्यांत होतो. दुकानाची काच शाबूत होती, पण दोन गिऱ्हाइकांनी फोन करून येणं रद्द केलं होतं. कोर्टात कॅमेरा चालत नाही म्हणून टीव्हीवर हातानं काढलेलं चित्र दाखवत होते: वाकलेली चिगुसा, समोर मुत्सुको. निवेदकानं पट्टी सोलली. 'साक्षीदाराची माफी मागितली! अपराधाची जाणीव?'

"बघा!" कानामोरी-सान खुर्चीतून उसळल्या. "बघा, पुन्हा कबूल केलं तिनं!"

मुत्सुकोनं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. त्या पार्लरमध्ये सकाळी दहाला टीव्ही बंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

"माझं दुकान एक दिवस बंद राहिलं तिच्यापायी, म्हणून माफी मागितली तिनं," मुत्सुको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "वर्षभर तुरुंगात आहे ती, कानामोरी-सान. माझ्या अकरा सेकंदांचाही त्याला हातभार आहे. आणि माफी तीच मागतेय, मला त्रास झाला म्हणून!"

"मग काय, सुटणार का ती?"

"मला माहीत नाही. नऊ माणसं सगळं ऐकून ठरवतील, त्यांचं काम आहे ते. मी एकदा निकाल देऊन बसले होते, काही न ऐकता. आता पुरे झालं."

वाचकहो, निकाल अजून लागलेला नाही. चिगुसा-सान दोषी की निर्दोष, हे मी आज सांगू शकत नाही, आणि हे सांगता न येणं सोपं नाही. मन सारखं एका बाजूला धावतं. पण पुरावा पुरा होईपर्यंत त्या धावत्या मनाला दावं बांधून ठेवायचं, यालाच कायदा आरोपीला निर्दोष मानणं म्हणतो. ते काही फक्त न्यायाधीशांचं काम नाही. दहा वाजता टीव्ही लावणाऱ्या प्रत्येकाचं आहे, कारण उद्या त्या फलकावरच्या पट्टीखाली कुणाचं वाक्य निघेल, कुणी सांगावं? 'माफ करा' तर आपण सगळेच म्हणतो.

 आणि त्या सकाळी कानामोरी-सान आरशातूनच मुत्सुकोकडे पाहत अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "माफ करा."

तोकिए-सानची बोटं खुर्चीच्या हातावर हलली.

"ही मात्र कबुली," त्या म्हणाल्या.

मीही तिसऱ्या खुर्चीतून म्हणाले, "माझीही लिहून घ्या."