डबीचे सेल

"गाडीतून खाली उतर," कंट्रोलर म्हणाला.

"सुटायची वेळ झालीय. माणसं बसलीत."

"बसू दे. दुसरा नेईल. तू उतर आधी."

मी उतरलो. कंट्रोलर चष्मा काढून शर्टाला पुसत होता. पुसून झाला तरी त्याने तो घातला नाही. पार्सल ऑफिसातून फोन आला होता. माझी बायको तिथे काउंटरवर असायची, वजनकाट्याशेजारी. बसल्या जागी कोसळली म्हणे. "हॉस्पिटलमध्ये नेलंय," एवढंच तो म्हणाला. पण त्याने माझा दंड धरला होता, त्यावरून मला कळलं. डेपोत कुणी कुणाचा दंड धरत नाही. बदली ड्रायव्हर आला तेव्हा मी त्याच्या हातात किल्ली दिली आणि म्हणालो, "दुसरा गिअर अडकतो. जरा सांभाळून."

हॉस्पिटलमध्ये मोठी मेहुणी माझ्याआधी पोचली होती. तिला मी ताई म्हणतो. ती भिंतीला टेकून उभी होती आणि मला बघून तिने मान हलवली. नर्सने एक पिशवी दिली. त्यात चष्मा, घराची किल्ली, न उघडलेला जेवणाचा डबा आणि डबी होती. डबी चालूच होती. काचेच्या कोपऱ्यात सेलचं चित्र लुकलुकत होतं.

डबी म्हणजे हातात मावणारा जुना संगणक. मोबाइल यायच्या आधी साहेब लोक असले खिशात घालून फिरायचे. बायकोला तो भंगारवाल्याकडे मिळाला होता, चिरलेल्या झाकणासकट. तिने त्यातली कंपनीची सिस्टीम काढून टाकली आणि स्वतःची लिहायला घेतली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात तिला. मला त्यातलं कळत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तुमच्या बसला जसा डेपो, तसं. कोणती गाडी कधी सुटणार, कुठे उभी राहणार, ते ही ठरवते." मी म्हणालो, "मग हिच्यातही गाड्या उशिरा सुटत असतील." ती म्हणाली, "सुटतात ना. तेच तर दुरुस्त करतेय." दुपारच्या सुट्टीत, संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर, कुकर होईपर्यंत, बारीक काडीने ती त्या काचेवर टोचत बसायची. पैसे नाहीत, बक्षीस नाही. आवड.

मला तिने एकच गोष्ट शिकवली होती. डबीतलं सगळं सेलच्या जोरावर टिकतं. सेल संपले की लिहिलेलं पुसलं जातं, कोरी पाटी. बदलतानाही जुने काढून नवे पटकन बसवायचे. आतली राखीव वीज मिनिटभरच पुरते. तिचे हात ओले असले की ती ओरडायची, "अहो, सेल!" आणि मी हातातलं टाकून पळायचो.

म्हणून चित्र लुकलुकताना दिसलं तसा मी रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेलो, दोन सेल घेतले, तिथेच उभ्याउभ्या बदलले. परत आलो तर ताई दारात होती.

"कुठे गेला होतात?"

"सेल आणायला."

ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर तिने हे सगळ्यांना सांगितलं. ती आत आडवी आणि हा माणूस सेल आणायला गेला. खोटं काहीच नव्हतं त्यात.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही, कारण ते गेल्यासारखे वाटले नाहीत. मी ड्युटीवर गेलो. प्रवासी चढले, उतरले. डबी शर्टाच्या खिशात असायची. सिग्नलला थांबलो की काढून कोपऱ्यातलं चित्र बघायचो. घरी दोन कप काढायचो आणि एक परत ठेवायचो. लोक म्हणाले, रडून घे, मोकळं वाटेल. मला काही कोंडल्यासारखंही वाटत नव्हतं.

ताईने बोलावलं. "थोडे दिवस आमच्याकडे या राहायला."

"डबीचं बघावं लागतं."

"ती खिशात मावते, भाऊजी. तिलाही आणा." मग जरा थांबून म्हणाली, "माणूस जपता आलं नाही, आता यंत्र जपा."

घरी बायकोचा मोठा संगणकही होता, त्यावर तिच्या मंडळींचे निरोप येत होते. असल्या डब्यांशी खेळणारे बरेच लोक आहेत, ठिकठिकाणचे. खरी नावं कुणी घेत नाही. बायकोला सगळे मावशी म्हणायचे. तिच्या तोंडी नेहमी एक पोपट असायचा. पोपटने हे शोधलं, पोपट आज भांडला. मला वाटायचं कॉलेजातला कुणीतरी असेल. मी एका बोटाने टाइप करून कळवलं की मावशी गेली आणि डबी चालू आहे. उत्तर पोपटचंच आलं. सेल काढू नका, मी येतो.

रविवारी दार वाजलं. बाहेर टक्कल पडलेला, साठीच्या पुढचा माणूस, हातात बॅग.

"मावशींचे मिस्टर ना तुम्ही? मी पोपट."

मी त्याच्या मागे कुणी पोरगा आहे का ते बघितलं. तो म्हणाला, "दातांचा डॉक्टर होतो. आता दवाखाना बंद केला. आत येऊ का?"

त्याने डबी दोन्ही हातांत घेतली. बराच वेळ काडीने इकडे तिकडे करत होता. मग त्याने एक वायर जोडून पाहिली, काढली, पुन्हा जोडली.

"बाहेर काहीच येत नाही," तो म्हणाला. "आम्ही सगळे मोठ्या संगणकावर लिहितो आणि यात टाकतो. मावशी यातच लिहायच्या. दोन वर्षांचं सगळं काम फक्त या डबीत आहे, दुसरीकडे कुठेही नाही. आणि बाहेर पाठवायचा जो भाग असतो, कंपनीचा तो त्यांनी काढून टाकला आणि स्वतःचा अजून लिहिला नाही. मी शंभरदा म्हणालो, अहो मावशी, घर बांधताय आणि दार ठेवत नाही? तर म्हणाल्या, दार शेवटी बसवायचं. आधी बसवलं की लोक येतात."

मला हसू आलं. ती असंच बोलायची.

"मग आता?"

"उघडून बघता येईल. पण आत हात घातला आणि क्षणभर वीज तुटली तर संपलं."

"उघडायची नाही," मी म्हणालो. त्या सगळ्या दिवसांत मी एवढ्या जोरात बोललो नव्हतो.

त्याने फोनने काचेचे फोटो काढून पाहिले. राखाडी काचेवर राखाडी अक्षरं, चीर मधून गेलेली. टिंब आहे की स्वल्पविराम ते दिसेना, आणि एक टिंब चुकलं तरी चालत नाही म्हणाला. शेवटी ठरलं की मी वाचायचं, त्याने आपल्या लॅपटॉपवर लिहून घ्यायचं. एकेक अक्षर, एकेक कंस. मला इंग्रजी अक्षरं येतात, बसच्या पाट्यांपुरती. मी वाचू लागलो. तो मधेमधे म्हणायचा, "थांबा, कंस बंद झाला का? बघा पुन्हा." आ करा म्हणावं तशा आवाजात.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्या दिवशी ताईही आली, माझ्यासाठी जेवणाचा डबा घेऊन. ओट्यावर डबा ठेवून ती माझ्या मागे उभी राहिली आणि काचेकडे बघत ऐकत होती. ओळी पुढे सरकवायला गेलो की काडी भलतीकडेच लागायची.

"तुम्ही दोन ओळी गाळल्यात," ताई म्हणाली. "द्या इकडे."

मी डबी दिली. ताई शाळेत कारकून होती. तिचं वाचणं स्वच्छ. ती वाचत गेली, पोपट लिहीत गेला. मधेच ती थांबली.

"इथे मराठी आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिलंय."

"मावशींच्या टिपा असतील. वाचा, तेही घ्यायचं."

ताईने वाचलं, "इथे का अडकतंय कळत नाही. पोपटला विचारायचं नाही, तो हसेल."

पोपटची बोटं थांबली. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "हसलो असतो." मग त्याने ते लिहून घेतलं.

पुढे ताईने वाचलं, "हे आले." थोड्या ओळींनंतर पुन्हा, "हे आले." पोपट मागेपुढे बघू लागला. "हे काय आहे? या नावाचं काहीच नाहीय प्रोग्राममध्ये."

"नाव नाही ते," ताई म्हणाली. तिने वर बघितलं नाही. "भाऊजी घरी आले की तिने काम तिथे थांबवलेलं दिसतंय. खूण केलीय."

मग तिने काडीने पान सरकवलं आणि पुढची ओळ वाचली. तशी खूण आली की ती न थांबता वाचायची आणि पोपट न विचारता लिहायचा. मी चहा टाकला.

आणखी बरेच रविवार लागले. ताई प्रत्येक वेळी आली. हॉस्पिटलमधून मी सेल आणायला गेलो त्या दिवसाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. एकदा मात्र वाचता वाचता कोपऱ्यातलं चित्र लुकलुकलं तेव्हा तिनेच पर्स उघडून दोन सेल काढले, माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "बदला. मला जमत नाही."

शेवटच्या पानापर्यंत पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पोपटने सगळं स्वतःच्या एका डबीत घातलं. पहिल्यांदा चाललं नाही. दोन कंस चुकले होते, ते शोधण्यात तासभर गेला. मग काच उजळली आणि बायकोच्या डबीवर दिसायचं तेच सगळं तिथे दिसू लागलं, तसंच्या तसं.

"आता काळजी नाही," पोपट म्हणाला. "हे इतरांनाही देऊ का? पुष्कळजण थांबलेत."

मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "मला काय विचारता? तुमची बायको."

"द्या," मी म्हणालो.

पोपटने पाठवलं. लोक ते वापरतात, असं तो फोनवर सांगतो. कुणी अक्षरं मोठी करून घेतली आहेत, कुणी घड्याळ घातलं आहे. शेवटच्या पानावर तिने एका भागाचं फक्त शीर्षक लिहिलं होतं, बाहेर पाठवणे. त्याखाली काही नाही. दोघातिघांनी ते लिहायचा प्रयत्न केला, पण तिच्या पद्धतीत बसत नाही म्हणाले. तो भाग अजून लिहायचा राहिला आहे.