छोटीच्या पडद्यावर माझं चित्र

माझ्या टेबलाला टेकवलेल्या मापयंत्राची सुई, छोटीने तळहाताचा भार दिल्यावर, अर्धी रेघ हलली. हात काढल्यावर ती जागेवर परत आली. छोटीने पुन्हा भार दिला. पुन्हा अर्धीच रेघ. तिने समाधानाने मान डोलावली आणि मला धसका बसला. जुन्या वस्तूचं इतकं बारीक माप कोणी घेऊ लागलं, की समजावं, गिऱ्हाईक शोधणं चालू आहे.

मित्रांनो, मी एक जुनी मिलिंग मशीन आहे. माझं कटर गरगर फिरतं, खालचं टेबल हँडलने सरकतं आणि त्यावर पकडलेला धातू हवा तसा कापला जातो. माझा सांगाडा ओतल्यावर तो लगेच वापरला नव्हता, कितीतरी दिवस उघड्यावर उन्हात पडू दिला होता. ओतीव लोखंडातले ताण असे सावकाश सुटतात. घाई केली तर पुढे अंग वाकतं. नंतर एका कारागिराने माझे सरकते भाग हाताने खरवडून सपाट केले.

मला बाबांनी घेतलं. बाबा म्हणजे छोटीचे आणि तिच्या दादाचे वडील. पंपांचे, छपाईयंत्रांचे मोडलेले भाग ते माझ्यावर नव्याने घडवत. कटर बोथट झालं की हँडलच्या जडपणावरून त्यांना कळे. "ही मशीन खोटं बोलत नाही," असं ते आल्यागेल्याला सांगत. ते गेले आणि घरामागच्या खोलीत माझ्यावर चादर पडली. दादा अधूनमधून येई, चादर उचलून तेल लावी आणि पुन्हा नीट झाकून जाई. माझं काम संपलं होतं, देखभाल तेवढी उरली होती.

छोटी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाली, तरी घरात छोटीच राहिली. ती खोलीत येऊ लागली तेव्हा मला बरं वाटलं. तिने माझी हँडलं फिरवून पाहिली, पण तिची मनगटं सुजत. मग तिने एक कॉम्प्युटर आणला आणि बाकावर मावेल एवढं धातू कापायचं यंत्र आणलं. कॉम्प्युटर सांगेल तसं त्याचं टेबल मोटरवर आपलं आपणच सरके. तेव्हापासून मी त्या दोघांवर नजर ठेवून होते.

ती पडद्यावर घडवायच्या भागाचं चित्र काढी. एखादं माप द्यायचं राहिलं तर तिथली रेघ निळीच राही. दिलं की काळी होई. मग कटरने कुठून कुठे जायचं, त्या वाटा ती आखी. पडद्यावर खोटं कटर फिरे, खोटा धातू कापला जाई आणि सगळं कसं लोण्यासारखं होई. मला त्यात काहीतरी काळंबेरं वाटे.

एका सकाळी ते दिसलंच. पडद्यावर बिनचूक फिरलेलं कटर खरोखर चालवल्यावर थेट कापायची पट्टी दाबून धरणाऱ्या क्लॅम्पवर आदळलं आणि तुटलं. छोटीने चित्रात पट्टी काढली होती, क्लॅम्प काढायचा राहिला होता. जे चित्रात नाही, त्याची कॉम्प्युटरला गंधवार्ता नसते. दादा नेमका दारात उभा होता.

"समोरचं दिसत नाही वाटतं याला," तो म्हणाला. "चष्मा करून दे."

छोटी हसली. त्यानंतर मात्र ती कापायच्या भागाभोवतीचं सगळंच चित्रात काढू लागली. आणि एक दिवस तिने मला काढायला घेतलं. माझं टेबल, माझा खांब, माझी प्रत्येक बाजू.

मग दादाच्याही मनात पाल चुकचुकली. भंगारवाले आधी चित्रं मागवतात, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. मशीनचं काय ठरवलंस, असं तो येईल तेव्हा विचारी. ती "बघते" म्हणे आणि चहा ठेवायला आत जाई. त्याने खोलीला नवं कुलूप आणलं. किल्ली आपल्याच खिशात ठेवावी की काय, अशा विचारात तो बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी त्याने ती छोटीलाच दिली.

मित्रांनो, झाकून ठेवणाऱ्याचीही माया असते, ती मला कळत होती. पण तुमच्या घरात अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला तेल देऊन थांबू नका. तिच्याजोगं काम आहे का, तेही बघा. चादरीखाली गंज लागत नाही, पण दिवसही सरत नाही.

परवा दादा आला तेव्हा पडद्यावर मीच होते. हँडलं मात्र नव्हती. त्यांच्या जागी चौकोनी खोकी होती आणि माझ्या अंगावर लाल वर्तुळं होती. दादाने एका वर्तुळावर बोट ठेवलं.

"हे काय आहे, छोटे?"

या वेळी ती चहा ठेवायला उठली नाही. बाकावरचं यंत्र पोलाद कापताना थरथरतं, ही थरथरत नाही, मी मोजून पाहिलंय, असं तिने सांगितलं. दादा ऐकत होता, पण पाहत होता माझ्या हँडलांकडे.

"बाबांचा हात लागलाय त्यांना," तो म्हणाला.

"म्हणूनच इतके दिवस बोलले नाही," छोटी म्हणाली. "हँडलं तू घरी ने, दादा. ही विकायची नाही आणि झाकायचीही नाही. बाबांच्या मशीनला मी भोकं पाडणार आहे आणि हँडलांच्या जागी मोटरी बसवणार आहे."