सात नंबरच्या विहिरीचे चाळीस ठिपके

पडद्यावरच्या चाळीस ठिपक्यांवर पेन आपटत साहेब म्हणाले, "हे काढून टाका. घाण दिसतात."

ऑफिसात तिला सगळे पुतणी म्हणत, कारण कंपनीच्या वायूविहिरींवर मीटर वाचणारे काका तिचे सख्खे काका होते. तिचं काम गणिताचं. शेल नावाच्या चिवट दगडात वायू अडकलेला असतो. बोअर खोल नेऊन आडवा वळवायचा, पाण्याच्या दाबानं दगडाला भेगा पाडायच्या, की वायू उसळतो आणि मग ओसरत जातो. किती वर्षं ओसरत राहील, ती रेघ पुतणी काढायची. सात नंबरला तिनं तीस वर्षं दिली होती आणि साहेब ती रेघ वरच्यांपुढे मिरवूनही आले होते. आता चाळीस दिवसांच्या नोंदी रेघेच्या पार खाली बसल्या होत्या.

कारण तिला आठवड्यापूर्वीच सापडलं होतं. शेजारची नऊ नंबर फोडली, तेव्हा तिच्या भेगा सातच्या भेगांना जाऊन मिळाल्या आणि सातचा दाब तिकडे पळाला. दोन विहिरींच्या भेगा कधी भेटत नाहीत, असं पुतणीनं गणिताच्या पहिल्याच पानावर धरून टाकलं होतं. दगडाला ते कुणी कळवलं नव्हतं!

"काढले, तर कारण काय लिहायचं?"

"मीटरची नोंद चुकली. म्हातारा डोळे मिटून आकडे लिहितो."

"ते माझे काका आहेत."

"म्हणून तर बोभाटा न करता घरी बसवतोय."

साहेबांचं बिस्कीट चहात तुटून पडलं. त्यांनी ते दोन बोटांनी उपसून खाल्लं आणि बोटं तिच्याच कागदांना पुसली. पुतणीनं कागद मागे ओढले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोण, तर ती स्वतः. गेल्या महिन्यात असेच तीन नडणारे ठिपके तिनं आपल्या हातानं पुसले होते, तेही कुणी न सांगता. साहेबांपेक्षा तिला स्वतःचीच जास्त किळस आली.

"असल्या कारणाखाली मी सही करणार नाही. मॉडेल चुकलंय, माझं चुकलंय, असं लिहून देते."

"द्या की."

तिनं लिहून दिलं. साहेबांनी कागद न वाचताच बाजूला सरकवला.

ती तडक विहिरीवर गेली. पत्र्याच्या खोलीत ग्रीसचा कुबट वास होता. काका सदऱ्याच्या टोकानं मीटरची काच पुसत होते.

"काका, कुणी कशावर सही मागितली तर करू नका."

"सकाळीच केली की. चूक माझी, म्हणून लिहून दिलं."

"अहो, तुमचे आकडे बरोबर होते!"

"कसले बरोबर? त्यांनी तुझी रेघ दाखवली. चाळीस दिवस रोज तीनतीनदा काच पुसून बघत होतो मी. पण तुझं गणित चुकेल होय? म्हटलं, आपलेच डोळे गेले."

"माझंच चुकलं, काका. शप्पथ."

काका हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मला ठाऊक होतं, माझ्यासाठी तू स्वतःच्या नावाला काळं फासशील. म्हणून साहेबांना आधीच सांगून ठेवलंय, पोरगी मायाळू आहे, असलं काहीतरी लिहून आणेल. मनावर घेऊ नका."