बाहेर बसलेलं मीठ

या, अंमळ पुढं सरका. झांजा खाली ठेवल्यात तोवर, एका काचेच्या नळीत देवानं दीपमाळ कशी पेटवली ते सांगतो.

साल शहाऐंशी. जयगडच्या धोंडूबाईची बकुळा मुंबईत संशोधन करायची आणि सुट्टीत रत्नागिरीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा मागून घ्यायची. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन नावाचं स्निग्ध द्रव्य पाण्यात सोडलं, की ते आपसूक पडद्यावर पडदा रचत जातं. दोन पडद्यांमध्ये पाण्याची पातळ घडी. आपल्या देहातल्या पेशीही असल्याच पडद्यांत गुंडाळलेल्या. त्या पाण्यात डेक्स्ट्रान नावाचं पॉलिमर, म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ, घातली तर पडद्यांचं काय होतं, एवढंच तिला शोधायचं होतं. मुंबईहून तिच्या सरांचं पत्र आलं होतं: या खेपेला निकाल नाही, तर विषय बंद.

डेक्स्ट्रान घातलेला शेवटचाच नमुना तो. सकाळी सगळी नळी दुधासारखी. दुपारी पाहते तर वर घट्ट साय, खाली नितळ पाणी. दोन वर्षांची मेहनत मोरीत ओतायला बकुळा उठली.

दारात धोंडूबाई. सुकी मासळी विकून, रिकामी पाटी कमरेला लावून लेकीला न्यायला आलेली.

"काय झाला गो बाय? तोंड का असा?"

"नासलं, आये. डेक्स्ट्राननं पडदे मोडले. बघ, पाणी वेगळं झालंय."

धोंडूबाईनं नळी घेऊन हुंगली. "वास कुठाय? मासळीवालीची पोर नि पाणी सुटला म्हणून नासला म्हणतेस? बांगडा मिठात घातला की पाणी सुटता. बांगडा मोडतो काय? अंग आवळून घेतो."

"आये, मिठाची गोष्ट निराळी..."

"माज्या मिठाला शिकवू नको. ता भायेर बसता नि आतला पाणी वढता."

बाहेर बसतं! बकुळानं आईच्या हातातून नळी परत घेतली. मीठ तरी थोडं आत मुरतं; या एवढ्या लांब माळा त्या चिंचोळ्या घडीत शिरणार कशा? बाहेरच बसून त्यांनी पाणी ओढलं असेल, आणि पडदे मोडले नसतील, जवळ आले असतील.

तिनं दोन पोलरॉइड काचा काढल्या. एक आडवी, एक उभी धरली की उजेड अडतो. मधे ओळीनं रचलेले थर असतील तरच तो वाट काढतो. काचांमध्ये नळी धरून ती खिडकीशी गेली.

खालचं पाणी काळंभोर. वरची साय मात्र उजळली. आधी सोनेरी, मग मोरपंखी, ज्योतीवर ज्योत. खाडीचा वारा, रस्त्यावरची एस.टी., सगळं कुठंतरी लांब गेलं. धोंडूबाईनं पाटी खाली ठेवून हात जोडले.

"दीपमाळ गो," ती पुटपुटली.

"पडदे शाबूत आहेत, आये. विषय वाचला."

पुढं प्रबंध बांधून झाला. आभारात आईचं नाव घालायला बकुळा निघाली, तर तीच म्हणाली, "नको गो, बुकाला मासळीचा वास येईल." तेव्हा मंडळी, खारवलेल्या बांगड्यावर पाणी आलेलं दिसलं, की तुम्ही तरी आमच्या धोंडूबाईला आठवा.